कोणता पाडवा?

नाशिक,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. 'शिरसाष्टांग' लिहिणार होते, पण मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, आधी खरंच आडवी पडून दाखव, मग लिही. म्हणून साधाच घ्या.

तुम्ही कानाचं मशीन पुन्हा कपाटात ठेवलंय, हे मामीने सांगितलं. फोनवर मी ओरडते तेव्हा पंचवटीतली अर्धी गल्ली ऐकते, फक्त तुम्हाला ऐकू येत नाही. मामीच्या मोबाईलवर मेसेज टाकला तर तुम्ही म्हणता, काचेवर वाचलेलं खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र. नाशिकहून दिंडोरीला माणूस तासाभरात पोचतो, पत्राला चार दिवस लागतात, पण तुमच्यापुढे कोणाचं चाललंय?

मला नोकरी लागली. ज्यांची दुकानं, गाळे, गोदामं भाड्याने दिलेली असतात, त्यांचे करार आमचं ऑफिस सांभाळतं. माझं काम म्हणजे जुने करारनामे वाचायचे आणि त्यातल्या तारखा सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या. भाडेवाढ कधी, मुदत कधी संपते, पुढे चालू ठेवायचं तर कधीपर्यंत कळवायचं. तारीख लांब असली की समोर हिरवं दिसतं, जवळ आली की पिवळं, उलटून गेली की लाल, आणि मालकाला आपोआप ईमेल जाते.

आता गंमत ऐका. तुमच्या गाळ्याचे मालक हिरामणशेठ गेल्यावर त्यांच्या मुलाने, समाधानने, सगळे गाळे आमच्या ऑफिसकडे सोपवलेत. फाईल उघडली तर दुसऱ्या नंबरचा करार तुमचाच. 'पाडव्यापासून नऊ वर्षे. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी भाडेकरूने लेखी कळविल्यास पुढील नऊ वर्षे देण्यास मालकाने हरकत घेऊ नये.' कागद २०१७च्या ज्येष्ठातला. तारीख कुठेच नाही, नुसता पाडवा. सॉफ्टवेअरला पाडवा कळत नाही, त्याला आकडा लागतो. मी कॅलेंडर बघून पुढच्या वर्षीची १० नोव्हेंबर टाकली. म्हणजे तुम्हाला कळवायला ऑगस्टपर्यंत वेळ आहे. तुमचा गाळा माझ्या पडद्यावर हिरवागार आहे, मामा.

समाधानला त्या जागेत दुसरं काही करायचंय असं ऑफिसात कानावर आलं. पण तुम्ही वेळेत कळवलंत तर तो काही करू शकत नाही. तेव्हा निवांत असा.

तुमची,
दिशा


दिंडोरी,
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस

चि. दिशा,

आशीर्वाद. भिका पोस्टमनने तुझं पत्र गाळ्यावर आणून दिलं आणि मी उघडेपर्यंत हलला नाही. हल्ली त्याला बिलं आणि नोटिसाच वाटायला लागतात, हाताने लिहिलेला पत्ता बघून त्यालाच आनंद झाला.

नोकरीचं ऐकून बरं वाटलं. म्हणजे तू आता पंचांग सांभाळतेस म्हण. फक्त तुझ्या पंचांगात पाडवा नाही, ही जरा गंमतच आहे.

इकडे द्राक्षांवर डावणी रोगाच्या फवारण्या जोरात आहेत. ऐन वेळी फवारणीचा ब्लोअर बंद पडला की शेतकऱ्याचा जीव माझ्या गाळ्यात अडकतो. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर रिव्हेट बसवले तेव्हा कान शाबूत होते, ते या ब्लोअरांनी आणि वयाने मिळून नेले. मशीन लावलं की कानात कुकर शिटी मारतो. त्यापेक्षा मामीने भाचरांची जुनी पाटी खिळ्याला अडकवून दिली आहे, ती बरी. गिऱ्हाईक पाटीवर लिहितं, मी वाचतो, पुसतो. कोणाची कटकट ऐकावी लागत नाही, हा वरचा फायदा.

परवा समाधान येऊन गेला. टेप घेऊन गाळ्याची लांबीरुंदी मोजत होता. मग त्याने पाटी घेतली आणि लिहिलं, 'मामा, गाळा पुढं चालू ठेवणार का?' मी खाली लिहिलं, 'तुझ्या बापाने दिलाय. पुढची नऊ वर्षं मी हलत नाही.' तो हसला, पण मनापासून नाही. तेवढ्यात लखमापूरचा एक जण नोझल घेऊन आला, मी पाटी पुसून त्याच्या हातात दिली. समाधान गेला.

वाईट मुलगा नाही तो. पण बाप शेतकरी होता आणि हा धंदेवाला आहे, एवढा फरक पडणारच. मला धाकधूक एवढीच की या वयात दुसरी जागा घ्यावी लागली तर बहिऱ्या माणसाला शोधत गिऱ्हाईक रस्ता सोडून आत येत नाही. इथे रस्त्यावरून माझ्या नावाची पाटी दिसते, म्हणून चाललंय.

मी तर या डिसेंबरातच कागद द्यायचं म्हणत होतो. मामीही मागे लागली होती. पण तू ऑगस्ट म्हणतेस तर ऑगस्ट. शिकलेल्या पोरीचं ऐकायचं नाही तर शिकवलं कशाला?

तुझा,
मामा


नाशिक,
६ डिसेंबर २०२५

प्रिय मामा,

आधी एक विनंती, पत्रावर तारीख टाकत जा. चंपाषष्ठी कधी झाली हे मला मोबाईलवर शोधावं लागलं.

डिसेंबरात कागद द्यायची काय घाई होती तुम्हाला? 'अति घाई संकटात नेई' असं घाटाघाटात लिहिलेलं असतं, ते तुमच्यासारख्यांसाठीच. इतक्या आधी कागद दिला तर समाधानला वाटेल तुम्ही घाबरलात, आणि तो वकील गाठेल. त्याला राहू दे त्याच्या टेपबरोबर. जुलैत मी स्वतः टाईप करून आणते, तुम्ही फक्त सही करा.

तेजस्विनी मॅडम, म्हणजे माझ्या साहेब, कालच म्हणाल्या की हिरामणशेठची अख्खी फाईल मी एकटीने लावली, एकही रकाना रिकामा नाही. जरा मिरवू द्या.

मामीला सांगा, शेंगदाण्याची चटणी संपली.

तुमची,
दिशा


नाशिक,
८ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

कसे आहात दोघं? थंडीत मामीचे गुडघे कसे आहेत?

पत्र छोटंच लिहितेय, कामाची गडबड आहे. एक सहज विचारायचं होतं. तुमच्या करारातला पाडवा, तो कोणता? फाईलमध्ये टीप लिहून ठेवायची आहे, बाकी काही नाही.

संक्रांतीला यायचं म्हणत होते, पण जमेल असं वाटत नाही. तिळगूळ पोस्टाने पाठवते.

तुमची,
दिशा


दिंडोरी,
करीचा दिवस (१५ जानेवारी, तू म्हणालीस म्हणून)

चि. दिशा,

आशीर्वाद. तिळगूळ पोचला. भिकाने वाटेत पाकीट दाबून बघितलेलं दिसतं, अर्ध्या वड्यांचा चुरा झाला होता. चव शाबूत होती.

कोणता पाडवा म्हणजे? पाडवा म्हणजे पाडवा. दिवाळीतल्याला आम्ही दिवाळीचा पाडवा म्हणतो. हिरामण शेतकरी माणूस, त्याचं वर्ष चैत्रात सुरू व्हायचं, गड्याचं सालही पाडवा ते पाडवा. त्या वर्षी त्याने गुढीच्या दिवशी मला गाळ्याची किल्ली दिली. शटरपाशी आम्ही गुढी उभारली, मामीने गाठी बांधली, त्याने पहिला ब्लोअर स्वतःचा आणून लावला. कागद करायला दोघांनाही सवड झाली ती ज्येष्ठात, पेरणीच्या आधी. त्याने सांगितलं आणि लिहिणाऱ्याने लिहिलं, पाडव्यापासून.

हे सगळं तुला ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो. तू सहज विचारलंस म्हणतेस, पण तुझं सहज मला तू बाळ होतीस तेव्हापासून माहीत आहे. अक्षर तिरकं पडलंय. काय झालं ते सरळ लिही. मामीला मी अजून काही बोललेलो नाही.

तुझा,
मामा


नाशिक,
२२ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

सरळ लिहिते.

मी चुकले. आमच्या घरी दुकान. बाबा 'पाडव्याला' म्हणाले की वह्यांची पूजा, दुकानाला तोरण, नवं खातं. लहानपणापासून माझ्यासाठी पाडवा म्हणजे दिवाळीतला. करार वाचताना दुसरा पाडवा मनातसुद्धा आला नाही. जानेवारीत ऑफिसात सुट्ट्यांची यादी लागली. शिपाई म्हणाला, "मॅडम, पाडवा गुरुवारी आलाय, लय बरं झालं," आणि मी बघितलं तर तो मार्चमधल्या गुढीपाडव्याबद्दल बोलत होता. कोणीही त्याला विचारलं नाही की कोणता. मी तिथेच तुमचा करार पुन्हा उघडला.

तुमची मुदत या १९ मार्चला संपतेय. कळवायची शेवटची तारीख १९ डिसेंबर होती, मामा. तुम्ही डिसेंबरातच कागद देणार होतात. मामी मागे लागली होती. मी तुम्हाला थांबवलं, आणि वर घाटातली पाटी ऐकवली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. संक्रांतीला आले नाही ती याच लाजेने.

आता पुढचं वाचा आणि मला रागवा. सॉफ्टवेअरमध्ये अजून १० नोव्हेंबरच आहे. समाधान कागद वाचत नाही, आमची ईमेल वाचतो, आणि त्याच्या ईमेलमध्येही नोव्हेंबरच गेलाय. खरी गोष्ट फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. मी काही बोलले नाही, आणि तुम्ही आत्ता कागद दिलात, तर तो वेळेत दिलेला ठरेल. गाळा वाचेल. मी सोबत कागद टाईप करून पाठवतेय. खाली सहीची जागा सोडली आहे.

योग्य काय ते मला कळतं. पण योग्य केलं तर गाळा जातो, आणि तो माझ्यामुळे जातो. म्हणून मी ठरवू शकत नाही. तुम्ही सांगाल ते करेन.

दिशा


दिंडोरी,
माघी पौर्णिमा, १ फेब्रुवारी

चि. दिशा,

आशीर्वाद. या वेळी खरोखर आशीर्वाद, सवयीचा नाही.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी गाळा उघडला, पण काम केलं नाही. मग मामीला वाचून दाखवलं. ती पाटी घेऊन लिहीत बसली नाही, कानाशी येऊन ओरडली, "गप बसा की. कोणाला कळणार हाय? पोरगीनं कागद धाडलाय, सही ठोका." खोटं कशाला सांगू, मी पेन हातात घेतलं होतं.

मग कारखान्याची आठवण झाली. रिव्हेट वाकडा बसला की आम्ही तो ड्रिलने काढून टाकायचो आणि नवा बसवायचो. वरून रंग मारला तर कोणाला दिसणार नाही, हे शिकाऊ पोरांनासुद्धा कळायचं. पण कधी कोणी तसं केलं नाही, कारण त्या विमानात एक माणूस बसणार असायचा. इथे तू बसली आहेस. आज माझ्यासाठी एक तारीख झाकलीस की उद्या ऑफिसातल्या प्रत्येक तारखेपाशी तुझा हात थरथरणार. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोरीने तेवढं ओझं माझ्या गाळ्यासाठी उचलायचं कारण नाही.

तुझ्यावर राग नाही. राग माझ्यावर आहे. पाडवा कोणता हे मला पक्कं ठाऊक होतं. तू ऑगस्ट म्हणालीस तेव्हा मला वाटलं, कायद्याने काही सवलत असेल, पोरीला जास्त कळतं. एकदा विचारलं असतं तर निभावलं असतं.

तेव्हा तू मॅडमना सांग. कागद परत पाठवतोय, सही केलेली नाही. समाधानशी माझं मी बघतो. फार तर काय, आत गल्लीत जाईन आणि पाटी जरा मोठी लावीन.

मामी चटणी पाठवतेय. अबोला धरलाय, पण चटणी केली.

तुझा,
मामा


नाशिक,
१० फेब्रुवारी २०२६

प्रिय मामा,

सांगितलं.

तेजस्विनी मॅडमनी आधी दार लावून घेतलं. मला वाटलं आता गेली नोकरी. त्यांनी विचारलं, गाळा कोणाचा. मी म्हटलं, माझ्या मामांचा. "आपल्या माणसाचं काम हाती आलं की आधी सांगायचं असतं, दिशा," एवढंच म्हणाल्या. ते खरंच आहे, आणि ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. हिरामणशेठची फाईल माझ्याकडून काढून घेतलीय. पण सगळे जुने करार पुन्हा तपासायचं काम मलाच दिलंय. पाडव्याची चूक आणखी तीन करारांत सापडली, एका ठिकाणी 'दसऱ्यापासून' होतं ते बरं. आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना आलाय, 'कोणता पाडवा?' तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ऑफिसात त्याला दिशाचा रकाना म्हणतात.

तारीख मी माझ्या हाताने बदलली. मॅडम मागे उभ्या होत्या. १९ मार्च टाकलं आणि तुमचा गाळा हिरव्याचा एकदम लाल झाला. 'सूचना मिळाली नाही' असं समोर आलं, आणि समाधानला ईमेल गेली. चूक आमच्याकडून झाली आणि ती भाडेकरूच्या भाचीनेच, म्हणजे मी, स्वतःहून कळवली, असं मॅडमनी त्यात स्वतः लिहिलं. तेवढं त्यांनी केलं.

मामा, मला तुमच्या गाळ्यातला ऑईलचा वास आठवतो आणि रडू येतं. मी पाडव्याला येते. सामान हलवायचं असेल तर मी आणि बाबा दोघं येतो, बाबांचा टेम्पोवाला ओळखीचा आहे.

मामीला सांगा, चटणी नेहमीसारखीच तिखट झालीय. अबोल्याने फरक पडला नाही.

तुमची,
दिशा


दिंडोरी,
पाडवा (गुढीचा), १९ मार्च २०२६

चि. दिशा,

तू संध्याकाळी येणारच आहेस आणि तू काही बोलायच्या आधी मी हे पत्र तुझ्या हातात देणार आहे. तोंडाने सांगितलं तर तू मध्ये बोलशील आणि मला ऐकू येणार नाही. शिवाय आपलं सगळं पत्रातूनच झालंय, शेवटचंही तसंच होऊ दे.

महिनाभर समाधानचा पत्ता नव्हता. मी रोज वाट बघितली, मग बघायची सोडली. हत्यारं खोक्यांत भरली. मामीने खोक्यांवर खडूने काय काय आहे ते लिहिलं, म्हणजे अबोला सुटला असं मी समजलो. लखमापूरचा तो नोझलवाला म्हणाला, आमच्या शेडमध्ये या. त्याच्या तोंडावर हो म्हणालो, मनातून जीव जात होता. खोटं बोलत नाही, रात्री दोनदा तुझ्या त्या सही न केलेल्या कागदाची आठवण झाली.

आज सकाळी म्हटलं, जाता जाता एक गुढी उभारू, जिथे पहिली उभारली तिथेच. मामी कडुनिंब बांधत होती तेवढ्यात समाधानची गाडी आली. हातात साखरेची गाठी. बापाची आठवण ठेवून आणली असेल, असं वाटलं आणि मी मान खाली घातली. किल्ल्या खिशातच होत्या, त्या काढून पुढे केल्या.

त्याने किल्ल्या घेतल्या नाहीत. खिळ्यावरची पाटी काढली आणि लिहिलं, 'मामा, चंपाषष्ठीच्या आधी मी टेप घेऊन आलो होतो. तेव्हा मी पाटीवर काय विचारलं होतं?'

मी लिहिलं, 'गाळा पुढं चालू ठेवणार का.'

'आणि तुम्ही काय लिहिलं?'

मी लिहिलं. तुझ्या बापाने दिलाय, पुढची नऊ वर्षं मी हलत नाही.

त्याने मला ते वाचू दिलं. मग पुसलं आणि लिहिलं, 'करारात लेखी कळवा म्हटलंय. डिसेंबरच्या आधी तुम्ही लेखी कळवलं होतं.'

दिशा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. गिऱ्हाइकांचं सगळं त्या पाटीवर चालतं, मी दिवसभर तिच्यापुढे बसतो, पण ती लेखी आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी उपयोग काय होता? माझ्याच हाताने पुसली होती. त्याला मी तेच लिहिलं, 'ते तर पुसलं. पुरावा नाही.'

त्याने लिहिलं, 'मी वाचलं ना.'

मी किल्ल्या परत खिशात टाकल्या. मामी विचारायला लागली काय झालं. मग त्याने मामीला तोंडाने सांगितलं. ते मामीने मला पाटीवर लिहून दाखवलं, तिच्याच भाषेत लिहिते म्हणून तसंच देतो: 'तो म्हन्तो, तुमची भाची सोताच्या मामाच्या इरुद्ध तारीख सुधारती, मंग म्या खोटं कसं बोलू. लय दिवस झोप नाय म्हन्तो.'

त्याला इथे वायनरीकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी द्राक्षाच्या रसाचं दुकान टाकायचं होतं. तेही त्याने लपवलं नाही. मी म्हटलं, पुढची मोकळी जागा तू घे, शेड टाक, मी माझे ब्लोअर मागे चालू करीन. रस पिणाऱ्यांचे कान गेले तर पाटी आपल्याकडे आहेच. तो मोठ्याने हसला. ऐकू आलं नाही, पण या वेळी मनापासून होतं.

तेव्हा बाबांना सांग, टेम्पो नको. खोकी उघडायला मात्र हात लागतील. आणि तुझ्या मॅडमना सांग, तुमच्या पडद्यावर लाल दिसतंय ते बदलायचं असेल तर समाधानला विचारा, तो सांगेल.

आता एक काम मी स्वतः करून ठेवलंय. पुढच्या वेळी कोणाची भाची चुकायला नको. खाली सही करून देतो, ही प्रत तुझ्याजवळ ठेव.

मी, वाल्मीक, ब्लोअर दुरुस्ती, दिंडोरी, लेखी कळवतो की हा गाळा मी आजपासून पुढची नऊ वर्षे चालू ठेवणार आहे. मुदत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत.

पाडवा म्हणजे गुढीचा.